भट्टीवर बसवलेलं भूत

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलूथ गावात, टेकडीच्या उतारावर टॉस्ट्रुडांची गल्ली आहे. ऑक्टोबर महिना लागला की या गल्लीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलत नाहीत, एकमेकांच्या घराच्या भिंतीकडे पाहून बोलतात. प्रत्येक घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या बाहेर डोकावत असतात. एका नळीतून तळघरातली भट्टी हवा आत ओढते, दुसरीतून धूर बाहेर सोडते. त्या धुराची गारठ्यात पांढरी वाफ होते आणि ती लांबून दिसते. ज्याच्या भिंतीवर वाफ दिसली, त्याची भट्टी पेटली. आणि ज्याची भट्टी हॅलोविनच्या आधी पेटली, तो माणूस गल्लीच्या दृष्टीने कामातून गेला.

हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण लिहिलेले नियम मोडणारी माणसंही हा मोडत नाहीत. एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोंगं घेतलेली पोरं दारावर येऊन गोळ्या-चॉकलेटं घेऊन गेली की मग भट्टीला हात लावायचा. तोवर दोन स्वेटर, तीन मोजे आणि तोंडावर हसू. सलग आठ वर्षं या प्रकारात व्हर्लिन टॉस्ट्रुड पहिला येत होता. म्हणजे सगळ्यांत शेवटी पेटवत होता. मागल्या वर्षी तर त्याने नऊ नोव्हेंबरपर्यंत तग धरला. आठ नोव्हेंबरला त्याच्या बायकोने, मार्लिसने, लोण्याची वडी कापायला करवत मागितली होती.

व्हर्लिन चौतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाला होता. चौतीस वर्षं लोकांना "पिनकोड नीट लिहा" म्हणून सांगितल्यावर माणसाला आपलं कधी चुकत नाही असं वाटायला लागतं. हा त्याचा दोष नव्हे, खिडकीचा.

या वर्षी ऑक्टोबरच्या वीस तारखेला त्याच्या मुलीचा, सोल्वेगचा, फोन आला. ती लग्न करून अ‍ॅरिझोनात, फीनिक्सला गेली होती. तिला पाच महिन्यांपूर्वी मुलगी झाली. मारिसोल. व्हर्लिनने नातीला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं, आणि त्यातही बऱ्याचदा तिचा एक कानच दिसायचा.

"डॅड, आम्ही शुक्रवारी येतोय," सोल्वेग म्हणाली. "चार दिवस. मोटेल बुक केलंय."

"मोटेल कशाला? तुझी खोली आहे की."

"डॅड, बाळ पाच महिन्यांचं आहे. तुझ्या घरात ऑक्टोबरमध्ये काय असतं ते मला ठाऊक आहे. मी तिसरीत असताना गृहपाठ हातमोजे घालून केलाय. बाईंनी अक्षर वाईट म्हणून शेरा दिला होता."

तिने हे भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं. भांडायला त्याच्याजवळ मुद्दे होते. पण ती साधेपणाने बोलली, पावसाची बातमी सांगावी तशी. फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट चोपन्न अंश दाखवत होता. हे अमेरिकन चोपन्न. आपल्याकडचं असतं तर घरातली माणसं भाजून निघाली असती. हे स्वयंपाकघरात दुधाची बाटली बाहेर ठेवली तरी चालेल असलं चोपन्न होतं.

"नात माझ्या घरी येणार आणि झोपायला मोटेलात जाणार," तो म्हणाला.

"भट्टी पेटव," मार्लिस म्हणाली.

"आज वीस तारीख आहे."

"मला कॅलेंडर वाचता येतं. तुला नात हवी की आर्नी कोस्केलाची शाबासकी हवी?"

आर्नी कोस्केला समोरच्या घरात राहायचा. बंदरावर खनिजाची जहाजं भरण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि सलग आठ वर्षं तो या स्पर्धेत दुसरा येत होता. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी टॉस्ट्रुडांच्या नळ्यांसमोर होती. सकाळी कॉफीचा पेला घेऊन तो तिथे उभा राहायचा आणि पेला संपला तरी हलायचा नाही.

व्हर्लिनने रात्रभर विचार करून तोडगा काढला. भट्टी पेटवायची. पण कोणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुधवारी सकाळी तो भट्टीचा नवा फिल्टर आणायला गेला. दुकानात गल्लीतलं कोणी भेटेल म्हणून तो शेजारच्या गावच्या दुकानात गेला. तिथल्या बाईने चार प्रकार दाखवले. त्याने सगळ्यांत जाडा घेतला. खोक्यावर लिहिलं होतं की हा परागकण, धूळ, मांजराचे केस आणि इतर पुष्कळ गोष्टी अडवतो. हवेला जाऊ देतो की नाही, त्याबद्दल खोक्यावर काही नव्हतं. परत आल्यावर त्याने ते खोकं कोटाखाली लपवून घरात नेलं. पोटाशी चौकोनी खोकं असलेला माणूस कोटाखाली काही लपवतोय हे कोणालाही दिसतं. शेजारच्या लव्हॉनबाईंना तर दिसलंच. त्या पानं झाडत होत्या. त्या नुसतं "बरं आहे ना, व्हर्लिन?" म्हणाल्या आणि झाडू उलटा धरून पुढे झाडत राहिल्या.

तळघरात त्याने भट्टीचं पुढचं झाकण काढलं. आता भट्टी म्हणजे त्याच्या मते एक जाळ, एक पंखा आणि घरभर फिरणारे पत्र्याचे बोगदे. यात न कळण्यासारखं काय आहे? त्याने जुना फिल्टर ओढला. तो इतका मळला होता की आधी त्याला ती मेलेली घूस वाटली. नवा बसवताना त्यावरचा बाण कुठल्या दिशेला ठेवायचा यावर तो दहा मिनिटं थांबला, आणि मग टपाल खात्यातल्या अनुभवावरून तो रस्त्याच्या दिशेला ठेवला. मग झाकण उघडंच ठेवून, आतला जाळ डोळ्यांनी पाहावा म्हणून, वरती ओरडला, "मार्लिस, लाव."

मार्लिसने थर्मोस्टॅट वाढवला. काहीच झालं नाही. भट्टी मेल्यासारखी गप्प होती. व्हर्लिनने तिला थोपटलं. मग जरा जोरात थोपटलं. मग तिच्याशी सौम्य शब्दांत बोलला. शेवटी मार्लिस खाली आली, तिने फिल्टरचा बाण पाहिला, फिल्टर उलटा करून घातला आणि झाकण जागच्या जागी लावलं. भट्टी लगेच घुरघुरली.

"झाकण उघडं असलं की ती चालतच नाही," मार्लिस म्हणाली. "सुरक्षेसाठी बटण असतं आत. दर वर्षी तो सर्व्हिसवाला येतो तेव्हा मी त्याला कॉफी देते. तू वर जाऊन बसतोस."

भट्टी पेटली खरी. आधी एक लहान पंखा फिरला, मग आत कुठेतरी काहीतरी लालबुंद झालं, मग गॅसने भपकन पेट घेतला, आणि मिनिटभराने मोठ्या पंख्याने घरभर ऊब ढकलायला सुरुवात केली. कित्येक वर्षांत ऑक्टोबरची ऊब या घराने पाहिली नव्हती. जमिनीतल्या जाळीवर उभी राहून मार्लिसने डोळे मिटले. व्हर्लिन मात्र धावत बाहेर गेला.

भिंतीवरच्या नळीतून पांढरी वाफ मजेत बाहेर पडत होती. आर्नीच्या खिडकीत अजून कोणी नव्हतं. व्हर्लिन घरात आला, भट्टी बंद केली आणि घाम पुसला. तो घाम उकाड्याचा होता की भीतीचा हे सांगता येत नाही.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. अशी कल्पना या गल्लीतल्याच माणसाला सुचू शकते, कारण दुसरीकडे कोणाला तिची गरजच पडत नाही. ऑक्टोबरात घरोघर अंगणात भुतं, सांगाडे, कोरलेले भोपळे मांडतात. त्याने माळ्यावरून जुनी पांढरी चादर काढली, झाडू आणि टोपली घेऊन नळ्यांसमोर खांद्याएवढं भूत उभं केलं, डोक्यावर चादर टाकून कमरेला दोरी बांधली आणि दोन काळे डोळे रंगवले. भट्टी चालू केली. वाफ भुताच्या डोक्यातून, खांद्यांतून हळूहळू बाहेर यायला लागली. फार झकास दिसत होतं. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली थांबल्या आणि एक म्हणाली, "खरं वाटतंय." टपाल खात्यात चौतीस वर्षांत कोणी त्याला इतकं मनापासून काही म्हटलं नव्हतं.

आर्नीने रस्ता ओलांडला. त्याने भुताभोवती एक फेरी मारली.

"याआधी कधी तू काही मांडलं नाहीस," तो म्हणाला.

"नात येतेय. तिच्यासाठी."

"पाच महिन्यांची आहे ना?"

"लवकर शिकलेलं बरं असतं."

आर्नीने वाफेकडे पाहिलं. "याच्या तोंडून काय निघतंय?"

"यंत्र बसवलंय. नाटकात धूर करतात ना, तसलं." व्हर्लिनने ठोकून दिलं. चर्चमधल्या जेवणात कोणाच्या बेचव केकबद्दलही तो कधी खोटं बोलला नव्हता.

बुधवारची संध्याकाळ सुखाची गेली. घर अडुसष्ट अंशांवर आलं. मार्लिसने स्वेटर काढला, तर व्हर्लिनला तिच्या ब्लाउजवरची फुलं नवीन वाटली. ती सहा वर्षांची जुनी होती. गुरुवारी सकाळी उठले तर घर पुन्हा चोपन्न.

तळघरात लहान पंखा फिरायचा, थांबायचा. पुन्हा फिरायचा, थांबायचा. जाळ काही होईना. शेवटी भट्टीने संपच पुकारला आणि तिच्या छातीवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकायला लागला. लुकलुकण्याचा अर्थ पुस्तिकेत असतो. पुस्तिका ड्रॉवरात होती. तिच्यात भट्टीच्या हमीचं कार्डही होतं, साठ दिवसांच्या आत टपालाने पाठवायचं. अकरा वर्षांपूर्वीचं. व्हर्लिनने ते टपालात टाकलंच नव्हतं. मार्लिसने ते उचलून त्याच्या कॉफीच्या पेल्याला टेकवून ठेवलं.

लाल दिव्याचा अर्थ पुस्तिकेत असा होता: हवेच्या दाबाचं बटण उघडं, परवानाधारक माणसाला बोलवा. त्याने गावातल्या एका दुरुस्ती कंपनीला फोन लावला.

"घरात उष्णता नाही का?" फोनवरच्या बाईने विचारलं.

"नाही."

"घरात तान्हं बाळ आहे का? असेल तर आज माणूस पाठवू, नसेल तर दोन नोव्हेंबर."

"बाळ उद्या येणार आहे."

"म्हणजे आज नाही."

"उद्या दुपारी दोनला असेल."

"मग उद्या दोननंतर फोन करा. आणि भट्टीचा अनुक्रमांक जवळ ठेवा. तो मागच्या बाजूला, खाली असतो."

व्हर्लिन विजेरी घेऊन भट्टीमागे शिरला, आणि तिथून मार्लिसने पाय ओढून बाहेर काढेपर्यंत अर्धा तास गेला.

मग त्याने शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. अर्थात स्वतःच्या भट्टीबद्दल नव्हे. बेमिजी गावात त्याचा एक चुलतभाऊ आहे, त्याच्या भट्टीबद्दल. लव्हॉनबाई म्हणाल्या की भट्टीला मुळीच हात लावू नये, त्यांच्या दिराने पाना मारला होता आणि त्याच्या डाव्या भुवईचे केस अजून आलेले नाहीत. वर, त्याची बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली. पण ते भट्टीमुळे की आधीच ठरलं होतं हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. आर्नीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चुलतभावाला सांग," तो म्हणाला, "फिल्टर फार जाडा घालू नकोस. भट्टी गुदमरते. तुझ्या चुलतभावाने शेजारच्या गावात जाऊन घेतला असेल, तर बहुतेक जाडाच घेतला असेल."

चोराच्या मनात चांदणं. व्हर्लिनने घरी येऊन पातळ फिल्टर घातला. लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला. शुक्रवारी सकाळी त्याने तीन खोल्यांत विजेचे तीन शेगडी-पंखे लावले, तर अर्ध्या घराची वीज गेली आणि मार्लिसचा केक भट्टीत कच्चा राहिला. ही भट्टी वेगळी, स्वयंपाकघरातली. पण त्या दिवशी घरातल्या सगळ्याच भट्ट्या एकमेकींना सामील झाल्या होत्या.

दुपारी दोनला गाडी दारात आली. सोल्वेग आत आली, तिने मारिसोलला गाडीतच नवऱ्याजवळ, एफ्राइनजवळ, ठेवलं होतं. गाडीचा हीटर चालू होता. सोल्वेगने कोटाचं एकही बटण न काढता आईला मिठी मारली, वडिलांना मिठी मारली, आणि मग खाली वाकून जमिनीतल्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी थंडगार होती. तिने हात उचलून परत खिशात घातला.

"आत्ताच लावतोय," व्हर्लिन म्हणाला.

"राहू दे डॅड. आपण बाहेर कुठेतरी जेवू, मग आम्ही मोटेलवर जाऊ."

मार्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"बंद पडलीये," मार्लिस म्हणाली. "एफ्राइनला बघू दे ना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एफ्राइन फीनिक्समध्ये लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करायचा. पाच वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत व्हर्लिनने त्याला विचारलं होतं, "म्हणजे तू थंडी विकतोस?" आणि एकटाच हसला होता. आठ महिने थंडी फुकट मिळणाऱ्या गावात ती विकत घेणाऱ्यांचं नवल वाटणारच. एफ्राइन तेव्हा नम्रपणे "हो, डॉन व्हर्लिन," एवढंच म्हणाला. हा डॉन शब्द त्याच्या घरी वडीलधाऱ्यांसाठी वापरतात. व्हर्लिनला तो कायम गुंडाच्या म्होरक्यासारखा वाटायचा, आणि मनातून थोडा आवडायचाही.

"त्याला भट्टीतलं काय कळणार," व्हर्लिन म्हणाला. "तो उन्हाळ्याचा माणूस आहे."

एफ्राइन तोवर बाळाला घेऊन दारात आला होता. त्याने ऐकलं. "यंत्र एकच असतं, डॉन व्हर्लिन," तो म्हणाला. "तोच पंखा, तेच बोगदे. एसीही थंडी करत नाही, घरातली गरमी उचलून बाहेर टाकतो. भट्टी जाळ करते आणि धूर बाहेर टाकते. दोघांचंही हवा घेणं किंवा टाकणं अडलं की आतलं थांबतं. मी जरा खाली जाऊन येऊ का?"

बाळ सोल्वेगकडे देऊन तो खाली गेला. दोन मिनिटांत वर आला आणि तळघरातल्या काहीही गोष्टीला हात न लावता सरळ बाहेर गेला. व्हर्लिनही मागोमाग धावला.

भुताची चादर बुधवारच्या वाफेने ओलीचिंब झाली होती. हवा ओढणाऱ्या नळीने ती आत ओढून घेतली होती, आणि भूत पोटात नळी घेऊन भिंतीला चिकटून उभं होतं. एफ्राइनने ती चादर सोडवली. तेवढ्यात आर्नी आणि लव्हॉनबाई बाळ बघायला म्हणून अंगणात आले. लव्हॉनबाईंच्या हातात बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचं मोठं ताट होतं. पाहुण्यांना ताट नेल्याशिवाय इथे कोणी बघायला येत नाही.

एफ्राइनने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. "वाऱ्याने उडून बसली असणार चादर," तो म्हणाला. "होतं असं."

"वारा हुशार दिसतोय," आर्नी म्हणाला. "दोरीची गाठ मारून गेला."

सोल्वेग बाळाला कोटात गुंडाळून पायरीवर उभी होती. व्हर्लिनला आता गप्प बसता आलं असतं. जावयाने त्याला आयतं झाकण दिलं होतं. पण त्या मुलाला आपण काय म्हटलं होतं ते त्याला आठवलं, आणि तो लाजेने लाल झाला.

"गाठ मी मारली," तो म्हणाला. "भट्टी बुधवारी पेटवली. बाळ येणार म्हणून. आणि तुम्हाला दिसू नये म्हणून हे भूत केलं. धुराचं यंत्र वगैरे काही नाही. बेमिजीत चुलतभाऊही नाही."

"ते आम्हाला ठाऊक होतं," लव्हॉनबाई म्हणाल्या.

एफ्राइनने आवाज खाली आणला. "डॉन व्हर्लिन, धूर कोंडला तर घरात येतो. नळीवर काहीही, कधीही नाही. या यंत्राला अक्कल होती म्हणून ते तीनदा प्रयत्न करून थांबलं. सगळ्याच यंत्रांना नसते." त्याने हे कोणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं. व्हर्लिनने नुसती मान हलवली. मग त्याने झाडू आणि टोपली उचलून नळ्यांपासून लांब नेऊन ठेवली.

"डॅड," सोल्वेग पायरीवरून म्हणाली, "तू बुधवारी पेटवलीस? एकवीस ऑक्टोबरला?"

"हो."

"माझ्यासाठी कधी नाही पेटवलीस."

"नाही पेटवली," व्हर्लिन म्हणाला. "चुकलं माझं. तुझे हात गार असायचे आणि मी वर्तमानपत्रात गल्लीचा निकाल वाचल्यासारखा खिडकीत उभा असायचो."

आर्नी आपल्या बुटांकडे पाहत राहिला. एफ्राइन खाली जाऊन भट्टीची वीज एकदा बंद करून चालू करून आला. लहान पंखा फिरला, लाल दिवा शांत झाला, गॅस भपकन पेटला, आणि भिंतीतल्या नळीतून सगळ्यांच्या देखत मोठी पांढरी वाफ बाहेर आली.

आर्नीने ती बघितली, ताट हातात असलेल्या लव्हॉनबाईंकडे बघितलं आणि "मी आलोच," म्हणून घरी गेला. पाच मिनिटांत त्याच्याही भिंतीवर वाफ दिसली. मग ताट ठेवून घरी धावलेल्या लव्हॉनबाईंच्या. मग कोपऱ्यावरच्या घराच्या. सगळी गल्ली एकदम श्वास सोडायला लागली. आर्नी परत आला तेव्हा त्याच्या अंगात कोट नव्हता. "माझी बायको दर ऑक्टोबरात आठवडाभर बहिणीकडे जाऊन राहते," तो म्हणाला. "तिला आत्ताच फोन केला. म्हणाली, व्हर्लिनला धन्यवाद सांग."

आत जाळीतून गरम हवा यायला लागली होती. सोल्वेग मारिसोलला घेऊन जाळीजवळ बसली. बाळाच्या डोक्यावरचे चार केस हवेने हलले, आणि तिने प्रथमच आजोबांकडे कान सोडून पूर्ण चेहऱ्याने पाहिलं. ती हसली नाही, जरा कपाळाला आठी घालून बघत राहिली. व्हर्लिनला तेही पुष्कळ झालं.

सोल्वेगने कोटाची बटणं काढली. मग कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"एफ्राइन," ती म्हणाली, "मोटेलला फोन करून नाही म्हणून सांग. आणि बॅगा आत आण."

एफ्राइन उठायच्या आत व्हर्लिन कोट न घालताच गाडीकडे निघाला होता.